कोणत्या गाडीला कोणतं ऑइल? नाशिकमधल्या नव्या गाडीमालकांसाठी

नवी गाडी शोरूमच्या सर्व्हिसला जाते तोवर ऑइलचा प्रश्न आपल्यापर्यंत येतच नाही. वॉरंटी संपते, गाडी घराजवळच्या गॅरेजात जायला लागते आणि एक दिवस मेकॅनिक विचारतो, ‘‘साहेब, ऑइल कुठलं टाकायचं?’’ जुनी पिकअप किंवा सेकंडहँड ट्रॅक्टर घेतला असेल तर हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. बहुतेक जण ‘‘टाका तुम्हीच चांगलं बघून’’ म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी ग्रेड (ऑइल किती जाड) आणि स्टँडर्ड (ते कोणत्या इंजिनासाठी, कोणत्या दर्जाचं) या दोन गोष्टी तुम्ही स्वतः सांगायला हव्यात. कंपनी कोणती, हे त्यानंतर. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे ग्रेडवर आणि कंपनीवर नको तितका वाद होतो, स्टँडर्डकडे मात्र कोणी बघतच नाही. बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) डिझेल गाड्यांना मोठा खर्च लागतो तो पुष्कळदा याच दुर्लक्षामुळे.

पहिली पायरी: पुस्तक आणि आरसी

गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल काढा. त्यात इंजिन ऑइलचा एक छोटा तक्ता असतो: ग्रेड, स्टँडर्ड आणि फिल्टर बदलल्यास किती लिटर लागतं. त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुस्तक हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर त्याची पीडीएफ मिळते. डाउनलोड करताना मॉडेल, वर्ष आणि इंजिन तेच आहे ना, हे तपासा. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल, डिझेल, टर्बो अशी वेगवेगळी इंजिनं येतात आणि त्यांचं ऑइल वेगळं असतं.

दुसरं, आरसी बघा. इंधन कोणतं आणि गाडी बीएस-४ ची आहे की बीएस-६ ची, हे कळायला हवं. देशभर बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ लागू झालं १ एप्रिल २०२० पासून. डिझेलवाल्यांसाठी ही दुसरी तारीख फार महत्त्वाची आहे. का ते पुढे येईलच.

दुसरी पायरी: कॅनवरचे आकडे

५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०. गॅरेजात यांना ‘पाच-तीस’, ‘पंधरा-चाळीस’, ‘वीस-पन्नास’ म्हणतात. हा एसएई या संस्थेने ठरवलेला जाडीचा ग्रेड. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. दुसऱ्या आकड्याची मोजणी १०० अंश सेल्सिअसला होते: ३० च्या ग्रेडमध्ये ऑइल साधारण ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकमध्ये (हे दाटपणाचं माप) बसतं, ४० च्या ग्रेडमध्ये १२.५ ते १६.३.

निफाडला पारा खाली आला की दरवर्षी विचारलं जातं, ‘‘थंडीसाठी ऑइल बदलू का?’’ निफाडची थंडी महाराष्ट्रात नावाजलेली आहे, जानेवारीत कधीकधी चार-पाच अंशांच्याही खाली जाते. पण १५डब्ल्यू ऑइलची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २० अंशांला होते आणि पंपातून वाहण्याची उणे २५ ला. २०डब्ल्यूसाठी हेच आकडे उणे १५ आणि उणे २० आहेत. म्हणजे आपल्याकडच्या थंडीत कोणतंही ऑइल गोठून पंपात अडकायचं नाही. पहाटे गाडी सुरू व्हायला त्रास होत असेल तर आधी बॅटरी आणि डिझेल गाडीत हीटर प्लग तपासा.

तरीही डब्ल्यूच्या आधीचा लहान आकडा आपल्या कामाचा आहे. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनात ऑइल खाली चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरलेलं असतं. स्टार्ट मारल्यावर ते वर कॅमशाफ्टपर्यंत आणि टर्बोच्या बेअरिंगपर्यंत जितक्या लवकर पोचेल तितकी झीज कमी. ५डब्ल्यू ऑइल २०डब्ल्यूपेक्षा लवकर पोचतं.

आता उलट बाजू. ‘‘आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाका’’ हा सल्ला हमखास मिळतो. मे महिन्यात मालेगावकडे पारा ४० च्या वर जातो हे खरं, पण तापलेल्या इंजिनातलं ऑइल बाहेर २५ अंश असोत की ४२, बहुतेक वेळ १०० अंशांच्या आसपासच असतं, कारण रेडिएटर आणि थर्मोस्टॅट ते सांभाळतात. कंपनीने ०डब्ल्यू-२० सांगितलंय ते त्या इंजिनातल्या बेअरिंगच्या फटी आणि ऑइल पंप धरून. अशा इंजिनात वीस-पन्नास ओतलं तर मायलेज पडतं, वरच्या भागात ऑइल उशिरा पोचतं आणि ज्या इंजिनात व्हॉल्व्ह टायमिंग ऑइलच्या दाबावर बदलतं तिथे गाडीचा पिकअपही बिघडतो. पुस्तकात दोन ग्रेड दिले असतील आणि तुमचं काम ओझ्याचं, घाटाचं असेल, तर त्यातला जाड ग्रेड जरूर घ्या. पुस्तकाच्या बाहेर मात्र जाऊ नका.

जुनं इंजिन ऑइल खात असेल तेव्हा जाड ऑइलने थोडा आराम पडतो, पण त्याआधी ऑइल जातंय कुठे ते शोधा. चेंबरच्या पॅकिंगमधून गळतंय, टर्बोतून जातंय, की सायलेन्सरमधून निळा धूर येतोय? रात्रभर उभ्या गाडीने सकाळी स्टार्टला तेवढा निळा धूर टाकला आणि नंतर थांबला, तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेत. चढावर सतत धूर असेल तर रिंग-बोअर (पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर) झिजल्याचा संशय घ्यावा.

तिसरी पायरी: बारीक अक्षरं

कॅन फिरवून मागचं लेबल वाचा. तिथे एपीआय (स्टँडर्ड ठरवणारी अमेरिकी संस्था) आणि पुढे दोन अक्षरं असतात. एसने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनासाठी: एसएन, एसपी वगैरे. सीने सुरू होणारी डिझेलसाठी: सीएफ-४, सीएच-४, सीआय-४, सीके-४. पेट्रोलमध्ये दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं स्टँडर्ड नवं. एसएन २०१० चं आहे, एसपी २०२० चं. पेट्रोलमध्ये नवं स्टँडर्ड जुन्याची जागा घेऊ शकतं. पुस्तकात एसएन लिहिलंय आणि दुकानात त्याच ग्रेडचं एसपी मिळतंय, तर बिनधास्त घ्या. लहान टर्बो-पेट्रोल इंजिनांना तर एसपीच बरं. कमी आरपीएमवर जोर लावल्यावर अशा इंजिनात कधीकधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो. त्याला आळा घालण्याची चाचणी एसपीमध्ये आहे.

डिझेल आणि पेट्रोलचं ऑइल वेगळं का, हे एकदा समजून घेतलं की पुढे कोणी चुकीचं सांगितलं तर पटकन लक्षात येतं. डिझेल जळताना काजळी होते आणि ती ऑइलमध्ये उतरते. ती गोळा होऊन साचू नये, बारीक कणांतच तरंगत राहावी, म्हणून डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारी आणि आतली घाण धुणारी द्रव्यं जास्त घालतात. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर काही दिवसांतच काळं पडतं ते यामुळेच. काळं पडलं म्हणजे ते काम करतंय. नुसतं पेट्रोलचं ऑइल डिझेलमध्ये घातलं तर काजळीचा भार त्याला झेपत नाही. गाळ धरतो, ऑइल घट्ट होतं.

उलट केलं तर? डिझेलच्या ऑइलमध्ये झीज रोखणारं फॉस्फरस-जस्ताचं संयुग सहसा जास्त असतं. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरला जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो त्याच्यावर हे फॉस्फरस बसत जातं आणि तो हळूहळू निकामी होतो. पीयूसीच्या वेळी ते कळतं. काही कॅनवर दोन्ही स्टँडर्ड असतात, उदाहरणार्थ सीआय-४/एसएल. त्यात जे आधी लिहिलंय ते त्या ऑइलचं मुख्य काम समजायचं. जुन्या पेट्रोल गाडीला असं ऑइल चालून जातं, नव्या गाडीला नको.

आता बीएस-६ डिझेल. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साचलेली काजळी गाडी स्वतः ठराविक वेळाने जाळून टाकते. पण ऑइल जळलं की त्यातल्या धातूंची राख उरते, ती जळत नाही, फिल्टरमध्ये कायमची साचते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. सीके-४ मध्ये सल्फेटेड राखेला १ टक्क्याची मर्यादा आहे, युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेच्या, म्हणजे एसीईएच्या, सी-२ आणि सी-३ या स्टँडर्डमध्ये ०.८ टक्क्यांची. सीआय-४ ला अशी मर्यादाच नाही. दुकानात दोन्ही कॅनवर ‘डिझेल, १५डब्ल्यू-४०’ लिहिलेलं दिसतं, सीआय-४ वालं स्वस्त असतं आणि पुढे डीपीएफचं बिल हजारांत येतं. पुस्तकात जे लिहिलंय, सीके-४ किंवा सी-२ किंवा सी-३ किंवा गाडीच्या कंपनीचा स्वतःचा नंबर, तेच अक्षर अन् अक्षर जुळवून घ्या.

एक सूचना घाईघाईने देऊन ठेवतो: काही बीएस-६ गाड्यांना डीईएफ नावाचं युरियाचं पाणी लागतं, पंपावर त्याच्या बादल्या दिसतात. त्याची टाकी वेगळी, झाकण निळं. ते डिझेलच्या टाकीत किंवा इंजिन ऑइलमध्ये कधीही घालायचं नाही.

सिंथेटिक की मिनरल, यावर फार वेळ घालवू नका. ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यूचे ग्रेड सहसा सिंथेटिकमध्येच येतात, तिथे निवड आपोआप होते. बीएस-३ च्या जुन्या पिकअपला योग्य स्टँडर्डचं मिनरल पंधरा-चाळीस वेळच्या वेळी बदललं तर पुरेसं आहे.

चौथी पायरी: गाडी करते काय?

एकाच मॉडेलची डिझेल एसयूव्ही दोन घरांत असेल, तर दोघांचं ऑइल एकाच वेळी बदलायला येत नाही. पुस्तकातला ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष’ हा आकडा चांगल्या परिस्थितीसाठी असतो. त्याच पुस्तकात कठीण परिस्थितीसाठी वेगळा, बहुधा निम्मा आकडा असतो. सतत ओझं, धूळ, घाट, ट्रॅफिकमध्ये उभं राहणं आणि अगदी छोट्या फेऱ्या हे सगळं कठीण परिस्थितीतच येतं.

शेवटचं वाचून अनेकांना नवल वाटतं. गंगापूर रोडहून मुलांना शाळेत सोडायचं, कॉलेज रोडला भाजी घ्यायची, परत घरी. इतक्या अंतरात इंजिन नीट तापतच नाही. डीपीएफमधली काजळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते आणि ते काम अर्धवट असतानाच आपण चावी बंद करतो. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. गेज (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा: ऑइलची रेघ वरच्या खुणेच्याही वर गेलेली दिसते, बोटावर चोळलं तर पाण्यासारखं पातळ लागतं आणि नाकाशी नेलं तर डिझेलचा वास येतो. ऑइल आपोआप वाढणं हे कमी होण्याइतकंच वाईट. अशा वेळी ऑइल बदलून टाका आणि आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर सलग अर्धा तास, निदान ओझरपर्यंत, एकसारख्या वेगाने चालवून आणा.

पेट्रोल गाडीत छोट्या फेऱ्यांचा परिणाम वेगळा दिसतो. ऑइल भरायच्या झाकणाखाली थंडीत पिवळसर-पांढरा फेस जमतो. थोडासा असेल तर ती वाफ आहे, लांबच्या फेरीनंतर जाते. पण गेजवरही ऑइल दुधाळ दिसलं आणि कूलंट कमी होत असेल, तर गाडी तशीच उभी करा. हेड गॅस्केटचं (इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगचं) काम असू शकतं.

पिंपळगावहून टोमॅटो भरून वाशीला जाणाऱ्या पिकअपचं दुखणं निराळं. परतीला कसारा घाट चढताना, त्यात माल असेल तर विचारूच नका, टर्बो लालबुंद होतो. इगतपुरीत चहाला थांबताना लगेच इंजिन बंद करू नका. मिनिट-दोन मिनिटं सुरू ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल तिथेच करपतं. वणीवरून सापुताऱ्याकडे कांदा नेणाऱ्यांनाही हेच लागू. समृद्धीवर सलग १२० ने धावणाऱ्या कारला ऑइल जास्त लागू शकतं, त्यामुळे लांबच्या प्रवासाआधी गेज बघायची सवय ठेवा.

सीएनजी गाडीत ऑइल स्वच्छ दिसतं, कारण गॅस जळताना काजळी जवळजवळ होत नाही. त्या रंगावर जाऊ नका. गॅसवर ऑइल उष्णतेने बिघडतं, हळूहळू दाटतं आणि दिसायला मात्र बरं राहतं. किलोमीटर झाले की बदलायचं.

ट्रॅक्टर आणि ब्लोअर

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदारांसाठी हे वेगळं सांगायला हवं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीला लागलेला छोटा ट्रॅक्टर दिवसाला फार अंतर कापत नाही, पण पीटीओवर (मागच्या फिरत्या शाफ्टवर) फवारणीचा ब्लोअर चालवत तासन् तास तापत असतो. त्याचं ऑइल तासांच्या मीटरवर बदलायचं. पुष्कळ ट्रॅक्टरांना २५० तास सांगितलेले असतात, नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना असते; तुमचं पुस्तक काय म्हणतं ते अंतिम.

जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरांत हवेचा फिल्टर तेलाचा असतो, खाली वाटी आणि वर जाळी. उन्हाळ्यात रोटाव्हेटर मारताना ही वाटी बघता बघता चिखलाने भरते. वाटी उघडा, तळाशी बसलेला मातीचा थर बोटाने मोजा, केरोसीनने किंवा डिझेलने धुवून पुसा आणि आतल्या खुणेपर्यंतच नवं ऑइल भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. इंजिनात कितीही भारी ऑइल घाला, ही वाटी घाण असेल तर धूळ आत जाऊन रिंग खाणारच.

गिअर-हायड्रॉलिकचं ऑइल वेगळं असतं. ऑइल ब्रेकच्या ट्रॅक्टरात तर ते ब्रेकच्या प्लेटांनाही भिजवतं. उरलेलं इंजिन ऑइल तिथे ओतू नका.

दुचाकी

गिअरच्या मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने क्लच स्लिप मारतो. म्हणून कॅनवर जासो (दुचाकीच्या ऑइलचं जपानी स्टँडर्ड) एमए किंवा एमए-२ बघा. गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला सहसा जासो एमबी. स्कूटरला मागच्या चाकाजवळ गिअर ऑइलही असतं, तेही विसरू नका.

पाचवी पायरी: विकत घेणं

सुटं ऑइल घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. पेट्रोल पंप, गाडीच्या कंपनीचं स्पेअर काउंटर किंवा ऑइल कंपनीचा अधिकृत विक्रेता, यापलीकडे जायची गरज नाही. झाकणाची कडी तुटलेली नसावी, आतला सील सपाट चिकटलेला असावा, बॅच नंबर आणि तारीख स्पष्ट छापलेली असावी, क्यूआर असेल तर तिथेच स्कॅन करावा. पक्कं बिल घ्या. पुढे वॉरंटीचा वाद झाला तर तेच कामी येतं. फिल्टरही त्याच दुकानातून ओरिजिनल घ्या. ऑइलवर खर्च करून फिल्टरमध्ये पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही.

गॅरेजात ऑइल टाकत असाल तर सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. रिकामा कॅन तिथे सोडताना खिळ्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने भोक पाडून सोडा. चांगल्या कंपन्यांचे अख्खे रिकामे कॅनच डुप्लिकेटवाल्यांना हवे असतात.

सहावी पायरी: बदलताना

गाडी थोडी चालवून कोमट करा, सपाट जागी उभी करा, मग चेंबरचा नट काढा. पूर्ण निथळू द्या, घाई नको. नटाचा वॉशर नवा. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला बोटाने थोडं ऑइल लावा आणि हाताने घट्ट करा. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही. पुस्तकातल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरून इंजिन मिनिटभर रेस न देता चालू ठेवा, दाबाचा दिवा विझला का बघा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग गेज पुसून पुन्हा बुडवून बघा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ पण खाली, इथवर आलं की बस. वर वेगळी पावडर किंवा बाटलीतली द्रव्यं घालू नका. जे लागतं ते कंपनीने ऑइलमध्ये मापाने घातलेलं असतं.

काढलेलं काळं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजकडे द्या. कायद्याने तो धोकादायक कचरा आहे आणि गॅरेजवाल्यांकडून तो अधिकृत रीसायकलिंगवाल्यांकडे गेला पाहिजे. नाल्यात ओतलेलं ऑइल शेवटी गोदावरीतच उतरतं.

तारीख, किलोमीटर, ग्रेड आणि स्टँडर्ड एका कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा. प्रवासात ऑइल कमी पडलं तर त्याच ग्रेडचं आणि स्टँडर्डचं दुसऱ्या कंपनीचं ऑइल टॉपअप केलेलं चालतं. शंभर-एक किलोमीटर झाल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर उभी करा. सकाळी नटाखाली किंवा फिल्टरखाली डाग दिसला तर त्याच दिवशी गॅरेजला दाखवा.